खालची खुंटी

"मॅडम, या यंत्रापुढं कुणी खोटं बोललं तर त्याचा दात पडतो का?"

प्रश्न ऋजुता आवटीच्या तोंडातून आला, पण डोकं तिचं नव्हतं. मागच्या बाकावरच्या तबस्सुम मुजावरनं सकाळी प्रार्थनेच्या रांगेतच पैज लावली होती, "विचारून तर दाखव! आठवडाभर तुझी सायकल पुसते." वर्षभरापूर्वी ऋजू हजेरीलासुद्धा ऐकू येईल असं 'हजर' म्हणायची नाही. पण ऑगस्टात जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिचा प्रकल्प पहिला आला आणि पोरीला कंठ फुटला तो फुटलाच. आता ती भाजीवाल्याशी हुज्जत घालायची, मुख्याध्यापकांना वाटेत अडवून "सर, एक सुचवू का?" म्हणायची. मिरजेतल्या त्या शाळेत, दहावी ब मध्ये, पैज लावायला तिच्याइतकं हुकमी माणूस दुसरं नव्हतं.

प्रयोगशाळेत हशा पिकला. विज्ञानाच्या कदम सरांनी डोळे वटारले. तबस्सुमनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

यंत्रामागं बसलेल्या डॉ. इंद्रायणी लोखंडे मात्र चिडल्या नाहीत. त्या पुण्याहून शिबिर घेऊन आल्या होत्या, गावातल्या तीनशे साध्यासुध्या माणसांचे दात मोजायला. "दात पडत नाही," त्या म्हणाल्या. "पण दात स्वतः खोटं बोलत नाही, एवढं नक्की. आता विचारलंयस तर तूच बस आधी."

ऋजू ऐटीत खुर्चीत बसली. दोन्ही गालांशी चुंबकाचे दोन जाड तवे आले आणि समोरच्या दाताला बाळीएवढी एक कडी टेकली. तोंड उघडं असल्यामुळं ऋजूला सात मिनिटं गप्प बसावं लागलं. तबस्सुमच्या मते तो विज्ञानाचा चमत्कारच होता.

तेवढ्या वेळात मॅडमनी वर्गाला समजावलं. "आपलं अंग सारखं नवं होत असतं. कातडी महिन्याभरात बदलते, रक्त चार महिन्यांत, हाडंसुद्धा झिजतात आणि भरतात. बदलत नाही ते दातावरचं पांढरं कवच. एक्स-रेसारखा किरण त्यातून गेला की एखादा इलेक्ट्रॉन जागचा उडतो आणि कुठल्यातरी सांदीत अडकून बसतो. हजारो वर्षं तिथंच बसेल. असे अडकलेले किती, ते आम्ही मोजतो. पूर्वी त्यासाठी दात उपटावा लागायचा. आता तोंडातल्या तोंडात होतं."

कडी निघाल्याबरोबर ऋजू बोलली, "म्हणजे जुन्या एसटीत कंडक्टर तिकिटाला भोक पाडायचे तसं! भोकं मोजली की प्रवास कळला."

"अगदी तसं," मॅडम खूश झाल्या. "तुझा प्रवास सोळा मिलिग्रे, किरणांचा मारा याच मापात मोजतात. पंधरा वर्षांच्या मुलीला जमिनीतून, आभाळातून जेवढं मिळायचं तेवढंच."

इथं गप्प बसली असती तर ती ऋजू कसली! "मॅडम, ही सगळी साधी माणसं झाली. तुम्हाला खरा नमुना पाहिजे असेल तर माझ्या पप्पांना बसवा." आणि तिनं प्रदर्शनातलं पाठ झालेलं भाषण सुरू केलं. तिचे पप्पा श्रेणिक आवटी माईसाहेब कुडचे रुग्णालयात तंत्रज्ञ होते, चालू एक्स-रेच्या खोलीत. तिथं पोट फाडत नाहीत. मनगटाला सुईएवढं भोक पाडून रक्तवाहिनीतून तार आत सोडायची, पडद्यावर तिची वाट बघत बघत पार यकृतापर्यंत, गर्भाशयापर्यंत न्यायची आणि रक्त वाहत असेल तिथं बूच मारायचं. तारेचं टोक दिसायला एक्स-रे मात्र चालू पाहिजे, कधी दहा मिनिटं, कधी दीड तास.

"आणि किरण सरळ पेशंटमध्ये जातात म्हणून बाजूचे वाचतात असं नाही," ऋजू हात नाचवत म्हणाली. "नळाखाली पालथी वाटी धरा. पाणी वाटीवर पडतं, पण भिजतो कोण? शेजारी उभा राहणारा! म्हणून अंगात शिशाचा एप्रन, गळ्याला शिशाचा पट्टा, मध्ये शिशाच्या काचेचा पडदा. दुप्पट लांब सरकलं की मारा पावपटीवर. आणि छातीवर बिल्ला. किती शिंतोडे उडाले ते बिल्ला मोजतो, दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. माझ्या पप्पांचा बिल्ला गेल्या सतरा वर्षांत एकदासुद्धा मर्यादेच्या जवळ गेला नाही. हॉस्पिटलनं सत्कार केला त्यांचा. माझा प्रकल्पच त्यावर आहे. पुढच्या महिन्यात अमरावतीला, राज्याला!"

"सतरा वर्षांची बेरीज किती?" मॅडमनी विचारलं.

"अकरा."

"आणि रोज टेबलाशी उभे असतात?"

"रोज! त्यांच्याशिवाय ती खोलीच चालत नाही."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

*

पाच वाजता श्रेणिक आवटी लेकीला न्यायला आले. उंच, किडकिडीत माणूस. शिशाच्या एप्रननं खांदे पुढं आलेले. फाटकाशी आल्यावर त्यांनी नेहमीसारखा डावा डोळा मिटून उजव्यानं ऋजूला गर्दीत शोधलं. ही त्यांची लकब. घरात सगळे त्यावरून चिडवायचे, "पप्पा नेम धरताहेत."

"पप्पा, फक्त सात मिनिटं."

"नको गं. उशीर होतोय. तुझी मम्मी दिवस मावळायच्या आत ताटं मांडून बसली असेल."

"माझी इज्जत आहे की! मी सगळ्यांना सांगून बसलेय."

"मग बसलीयस तर बस. मी कशाला?"

पण तोवर तबस्सुम आणि आणखी दोघींनी त्यांना घेरलं होतं. "काका, या की! काका, दुखत नाही! काका, घाबरला काय?" श्रेणिक आवटी सगळ्या गावाला 'घाबरू नका' सांगणारे. पोरींनी घाबरट म्हटल्यावर करणार काय? खुर्चीत बसले. डोळे मिटून घेतले.

सात मिनिटं झाली. मॅडमनी पडद्याकडं पाहिलं आणि कडी दुसऱ्या दाताला लावली. आणखी सात मिनिटं. मग त्यांनी कदम सरांना मुलींना बाहेर न्यायला सांगितलं. ऋजू गेली नाही. त्यांचीच मुलगी म्हणून तिला कुणी हाकललंही नाही.

"सहाशे बारा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "या गावात आजवर मोजलेला सगळ्यात मोठा आकडा एक्क्याऐंशी होता, आवटी."

"यंत्र बिघडलंय," ऋजू ताडकन म्हणाली. "बिल्ला अकरा म्हणतो."

"बिल्ला जिथं असतो तिथलंच सांगतो, बाळ."

ऋजूनं पप्पांकडं पाहिलं. आता ते चिडतील, 'हे कसलं यंत्र' म्हणतील, असं तिला वाटलं. ते शर्टाच्या बाहीनं ओठ पुसत होते, खूप वेळ, जणू काही सांडलंय.

"नावानिशी नोंद करायची तर तुमची सही लागेल," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर नुसता आकडा म्हणून राहील. पण डोळे मात्र लगेच दाखवा. डावा आधी; टेबलाशी तीच बाजू किरणांकडं असते, मोतीबिंदू तिथं आधी होतो."

"नुसता आकडाच राहू दे," श्रेणिक आवटी म्हणाले.

*

स्कूटर घराकडं वळली नाही. हॉस्पिटलच्या मागच्या दारानं ते तिला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेले. भिंतीला हिरव्या पत्र्याची कपाटं. बाहेर हजेरी चेहरा बघून लागत होती, औषधांच्या गाड्या आपोआप चालत होत्या. कपाटं मात्र ऋजूच्या जन्माआधीची, आणि बिल्लेही तसेच जुन्या पद्धतीचे.

सात नंबरचं कपाट त्यांनी उघडलं. आत वरच्या बाजूला एक खुंटी होती. तिला चिमट्यानं लटकवलेला बिल्ला दाराच्या धक्क्यानं हलत होता. त्याच्या खाली वीतभर अंतरावर आणखी एक खुंटी. रिकामी.

"इथं असतो," पप्पा म्हणाले. "नोकरीच्या एकोणीस वर्षांतली सतरा."

ऋजूला आधी काही कळलंच नाही. मग एकदम सगळं कळलं. प्रदर्शनातल्या तक्त्यावर तिनं निळ्या शाईनं काढलेली ती सपाट रेघ. रेघेखाली लिहिलं होतं, 'माझे पप्पा'. ती रेघ या कपाटाची होती.

"का?"

"मर्यादा ओलांडली की बाहेर बसवतात. दुसऱ्या वर्षी माझी ओलांडली. तीन महिने मला कागदांवर बसवलं. नियमच तसा, आणि नियम वाईट नाही. त्या तीन महिन्यांत जत तालुक्यातली एक बाई आली, बाळंतपणानंतर रक्त थांबेना झालेली. डॉक्टर हजर, यंत्र हजर, चालवणारा मी दहा पावलांवर खुर्चीत. मला आत जाऊ दिलं नाही. तिला कोल्हापूरला पाठवली. अंकलीच्या पुलापुढं काही ती जिवंत गेली नाही. बाळाला घेऊन तिची सासू परत आली, चादर मागायला. मलाच मागितली."

ऋजूनं हलता बिल्ला बोटानं थांबवला.

"नियमाबरोबर दुसरा माणूस द्यायला पाहिजे होता. तो कुणी दिला नाही. मी अर्ज केले, दोन वेळा. मग खुंटी ठोकली."

"आणि ही खालची?"

पप्पांनी कपाट लावून घेतलं. "फिलोमिनाची," ते म्हणाले.

सिस्टर फिलोमिना. त्या खोलीतली नर्स, पाच फुटांनासुद्धा दोन बोटं कमी. ऋजूला वेणी घालायला तिनं शिकवलं, सायकल तिनं शिकवली, शिव्यासुद्धा दोन तिनंच शिकवल्या. दोन वर्षांपूर्वी डोक्यात गाठ निघून ती गेली. डाव्या बाजूला. एकोणपन्नासाव्या वर्षी.

"तिनं बघितलं मी अडकवताना. मला वाटलं, आता तक्रार करणार. तर म्हणाली, 'आवटी, माझ्यासाठी पण ठोक एक. उंच नको ठोकूस, माझा हात पोचत नाही.' त्याच दुपारी ठोकली." त्यांनी कपाटाला कुलूप घातलं. "तिचं डोकं दुखायचं तेव्हा सगळे काय म्हणायचे आठवतं? 'सिस्टर, तुमची नोंद स्वच्छ आहे, झोप कमी पडतेय.' सात महिने. मी शेजारी उभा असायचो, ऋजू."

*

दुसऱ्या दिवशी शिबिराचा शेवटचा दिवस होता. ऋजू शाळेत गेली ती खिशात इंजेक्शनची एक रिकामी कुपी घेऊन. रबरी बुचाची. आत एक दात होता.

त्याची गोष्ट अशी. ऋजूचे पहिले चार दुधाचे दात मम्मीनं रीतीप्रमाणं पत्र्यावर फेकले होते. पाचवा हलायला लागल्यावर ऋजूनं घर डोक्यावर घेतलं, हात लावू देईना. त्याच आठवड्यात सिस्टरनं अक्कलदाढ काढून घेतली होती. सुजलेला गाल घेऊन ती आली आणि म्हणाली, "चल, अदलाबदल करू. माझी दाढ तुला, तुझा दात मला. माझी अक्कल तुला मिळेल, मी पुन्हा लहान होईन." ऋजू खुदकन हसली, तेवढ्यात दात सिस्टरच्या चिमटीत होता. दोन कुप्या भरल्या गेल्या. आठ वर्षं एक कुपी ऋजूच्या कंपासपेटीत होती. दुसरीचं काय झालं, तिला ठाऊक नव्हतं.

"कुणाची?" डॉ. लोखंडेंनी विचारलं.

"एका मैत्रिणीची."

उपटलेला दात मोजायला सोपा. तीन मिनिटांत आकडा आला. तीनशे चाळीस. दाढ काढली त्या दिवसापर्यंतचा. त्यानंतरही सिस्टर सहा वर्षं त्या टेबलाशी उभी होती.

"त्या इथं येऊ शकतील का?" मॅडमनी विचारलं.

ऋजूनं मान हलवली. मॅडमना समजलं. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"मॅडम, ती यानंच गेली का?"

"ते मला सांगता येत नाही. कुणालाच नाही. दात 'किती' ते सांगतो, 'कशानं' ते सांगत नाही. एवढं लागूनही ऐंशी वर्षं जगलेली माणसं आहेत, आणि काही न लागता गेलेलीही आहेत. धोका वाढला होता, एवढंच मी म्हणेन. त्यापुढं बोलले तर माझाच खोटेपणा."

"मग उपयोग काय याचा?" ऋजूच्या आवाजात कालची ऐट नव्हती.

"याआधी दोन जिल्ह्यांत आम्ही अशा एक्स-रे खोल्यांतल्या माणसांचे दात मोजले. निम्मी माणसं मर्यादेबाहेर निघाली. सगळ्यांचे बिल्ले स्वच्छ. तीन खोल्या बंद पडल्या, पेशंट दारातून परत गेले. मला लोक म्हणाले, तुमच्या यंत्रानं माणसं मारली. मग चौथ्या ठिकाणी सरकारनं दुप्पट माणसं नेमली. आधी नेमली नाहीत, कारण कागदावर सगळं ठीक होतं. कागद बरा म्हणतोय तिथं कोण औषध देतो?"

त्यांनी कुपीला बूच लावून ती ऋजूच्या हातात दिली. "ही तुझी आहे?"

ऋजू 'हो' म्हणणार होती. म्हणाली नाही.

*

सॅम्युअल अंकल घराच्या गच्चीवर होते. सिस्टरचे यजमान, एसटीतले निवृत्त कंडक्टर. भोकांच्या तिकिटांचा एक गठ्ठा त्यांनी ऋजूला लहानपणी खेळायला दिला होता. शाळेतून सायकल थेट त्यांच्याकडं दामटताना ऋजूनं सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. आकडा सांगायचा, खुंटीचं सांगायचं, रडायचं नाही.

अंकल गच्चीत उकिडवे बसून सिमेंटमधून वर आलेल्या चार गंजक्या बोल्टांना लाल रंग देत होते.

"ये, ये, विज्ञानाबाई! बघ, आडवा पाय लागून परवा रक्त काढलं यांनी. म्हटलं, निदान दिसू देत तरी."

"कसले आहेत हे अंकल?"

"टॉवरचे गं. मोबाईलचा होता नाही का इथं, फिलू गेल्यावर काढायला लावला तो?" त्यांनी ब्रश डब्यात बुडवला. "कसा बसला ते तुला आठवत नसेल. फिलूला हॉस्पिटलचे फोन यायचे वेळी-अवेळी, आणि या गल्लीत रेंजच नाही. एकदा फोन लागला नाही म्हणून कुणी पेशंट दगावला. ही दोन दिवस जेवली नाही. तेवढ्यात कंपनीवाले विचारत आले. मी म्हटलं, लावा माझ्याच डोक्यावर. हिचा फोन तरी लागेल."

ते पुढच्या बोल्टाकडं सरकले.

"तिच्या उशीच्या बरोबर वर, बघ. खाली झोपायची खोली. अकरा वर्षं. हॉस्पिटलातलं काही नव्हतं, तिचा बिल्ला स्वच्छ होता, तुझ्या पप्पांनी मला कागद दाखवला. मग राहिलं काय? हेच. मीच बसवलं की, ऋजू. माझ्या हातानं सही केली."

"अंकल, टॉवरनं असं काही होत नसतं. आम्ही शिकलोय."

"सगळे असंच सांगतात. चर्चमधले, डॉक्टर, सगळे. भला माणूस दुसरं काय सांगणार?" ते हसले. "तुझे पप्पा मात्र काही बोलत नाहीत. दर रविवारी येतात, इथं माझ्याशेजारी बसतात, गप्प. त्यांना पटत असणार माझं. तेवढा एकच माणूस माझी समजूत घालत नाही, म्हणून बरं वाटतं."

ऋजूचा हात खिशात होता. कुपी मुठीत घट्ट. जुळवलेली वाक्यं कुठं गेली कोण जाणे. प्रदर्शनानंतर पहिल्यांदाच तिला तोंड उघडता आलं नाही. ती म्हणाली, "येते अंकल," आणि जिना उतरली. दाराजवळच्या फळीवर सिस्टरचा फोटो होता. फोटोपुढं फुलांऐवजी एक कुपी ठेवलेली. रबरी बुचाची. आत तांदळाएवढा दुधाचा दात.

*

आवटींच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. पप्पांना ती क्वचित साधायची. आज ते घरी होते. खिडकीतून तिरपं ऊन ताटांवर आलं होतं आणि पप्पा डावा डोळा मिटून आमटीची वाटी शोधत होते. त्यावर आज कुणी चिडवलं नाही.

मम्मीला सगळं कळलं होतं. तिनं रात्रभर रडून घेतलं होतं आणि आता ती भाकरी थापावी तसं एकेक वाक्य थापत होती.

"उद्याच डोळ्याच्या डॉक्टरकडं. मग सुट्टीचा अर्ज. ते टेबल पुन्हा बघायचं नाही, सांगून ठेवते."

"त्रिशला, गुरुवारी तीन पेशंट लागलेत."

"लागू देत! सतरा वर्षं खुंटीला टांगून ठेवलंत ते काय होतं? मी होते, ही पोर होती."

"पप्पा," ऋजू म्हणाली, "मी आज सॅम्युअल अंकलकडं गेले होते."

पप्पांचा घास हातातच राहिला.

"त्यांना वाटतं टॉवरनं झालं. त्यांनी बसवला म्हणून. तुम्हाला माहीत होतं?"

उत्तराची गरज नव्हती. तरी ते म्हणाले, "माहीत होतं."

"दोन वर्षं?"

"दर रविवारी ठरवून जायचो. आज सांगायचं. शेजारी बसलो की..." त्यांनी घास ताटात ठेवला. "तिनं खुंटी मागितली तेव्हा मी नाही म्हणू शकलो असतो, ऋजू. एक शब्द होता."

मम्मी मध्ये पडली. "आता सांगून काय होणार? मेलेलं माणूस परत येणार आहे? त्या माणसानं कसंबसं सावरलंय स्वतःला. तुम्ही जाऊन आणखी एक दगड घाला त्याच्या डोक्यात."

"मम्मी, सावरलेलं नाही त्यांनी. बोल्ट रंगवताहेत."

"म्हणजे?"

"तुला बघितल्याशिवाय नाही कळायचं."

ऊन ताटावरून सरकून भिंतीवर गेलं. ऋजूनं दप्तरातून गुंडाळलेला तक्ता काढला, जिल्ह्याला पहिला आलेला, आणि जमिनीवर पसरला. निळी सपाट रेघ. 'माझे पप्पा'. तिला वाटलं होतं, आता तो फाडावा इतका राग येईल. राग आलाच नाही. त्या अक्षरांकडं बघून नुसतं भरून आलं. केवढ्या हौसेनं लिहिली होती!

"अमरावतीला मी जाणार नाही, हे कदम सरांना सांगून आले," ती म्हणाली. "ते सोपं होतं."

"आणि अवघड काय?" पप्पांनी विचारलं.

ऋजूनं खिशातली कुपी काढून दोघांच्या ताटांमध्ये ठेवली. पप्पांनी ती ओळखली. त्यांनी हात पुढं केला आणि हात न लावताच मागं घेतला.

"यात तीनशे चाळीस आहेत," ती म्हणाली. "मोजून आणले. कशानं गेली ते हा दात सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही. पण हा माझा नाही. उद्या सकाळी नऊ वाजता मी अंकलना तो परत द्यायला जाणार आहे, मम्मी. रागाव, पण जाणार. खालची खुंटी कुणी ठोकली ते सांगणार, कुणी मागून घेतली तेही सांगणार, आणि वरच्या खुंटीला काय टांगलं होतं तेही. पप्पा, तुम्ही बरोबर आलात तर मी तोंडसुद्धा उघडणार नाही, तुम्हीच सांगा. नाही आलात, तर मी सांगेन."